कोऱ्या कागदाचं वजन

आधी कोऱ्या कागदाचं वजन करायचं असतं.
नोकरीच्या पहिल्याच दिवशी सांभारे सरांनी सांगितलं,
काळ्याचा हिशेब पांढऱ्यापासून मांडतात.
दोन पूर्णांक सात तीन एक चार ग्रॅम.
चिमट्यानंच उचलायचा,
बोट लागलं की बोटाचंही वजन येतं.

मग बस. कामठीच्या पुढे, कन्हानच्या अलीकडे,
वॉशरीमागच्या वस्तीत
कौतिकाबाई नारनवरेंची गच्ची.
तिथं आमचं यंत्र गुरगुरत बसलेलं असतं,
लाइट असली तर.
दिवसाला सोळाशे घनमीटर हवा ओढतं,
शंभरावर माणसांचा श्वास एकट्यानं.
वस्ती तीनशेची आहे.

कोळसा धुतात इथं.
धुणं म्हटलं की मला आईचा दगड आठवायचा,
नीळ, दोरी, उन्हाचा वास.
इथं धुतलेला माल वॅगनमध्ये बसून निघून जातो
आणि मळ मुक्कामाला.
नाल्याला काळी साय.
रस्त्यावर काळं पीठ, ट्रक गेला की उठतं, बसतं, पुन्हा उठतं.
कूलरच्या वाळ्याच्या ताट्या
मे संपायच्या आत तव्यासारख्या.

"काहून मॅडम, काय म्हणते तुमचा कागद?"
अजून मोजायचा आहे, मी म्हणते.
"मले तर इथूनच दिसून राहिला."

तिच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे.
सिलिंडर कधी लागलं, दूध कधी आलं नाही,
नातवाचा खोकला कधी वाढला,
आणि काही चौकोनांत बॉलपेननं काढलेला
पाण्याचा एकेक थेंब.
हे काय?
"वॉशरीवाले रस्त्यावर फवारे सोडतात न जी, ते दिवस."
मार्चमध्ये चार थेंब.
मी बॅगेतून डायरी काढली.
चारही माझ्या यायच्या तारखा.

आमच्या फॉर्मात थेंबांना रकाना नाही.
'शेरा' म्हणून एक आहे, बोटभर रुंद.
त्यात लिहिलं, अक्षर बारीक करून.

नंतर न सांगता गेले. एका रविवारी, भर बाराला,
फवारे कोरडे, ट्रक उघडे,
दुसऱ्या दिवशी कागद उचलला तर
चिमटा जरा जास्त दाबावा लागला, असं वाटलं तरी.
तीन पूर्णांक दोन तीन शून्य सहा.
अर्धा ग्रॅम. पोह्यांत घालतो तेवढी हळद.
भागाकार केला : तीनशे बारा.
मर्यादा शंभर.

सांभारे सरांनी आकडा दोनदा वाचला,
चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचला.
सही करताना पेन अडलं.
पेन जुनंच होतं.

नोटीस गेली. उत्तर आलं. पुन्हा नोटीस.
दिवाळीनंतर कधीतरी
ट्रकांवर ताडपत्र्या दिसायला लागल्या,
पट्ट्याच्या तोंडावर पत्र्याची टोपी बसली,
कॅलेंडरवर थेंब वाढले,
माझ्या तारखा सोडूनही.

पुढच्या चैत्रात आकडा आला एकशे अठ्ठ्याऐंशी.
मी जिना चढताना घाईत होते,
सांगायचं होतं.
कौतिकाबाई पाटावर बसून सोऱ्या पिळत होत्या,
गव्हाच्या चिकाची वाफ, हात कोपरापर्यंत पांढरे.
ऐकून घेतलं सगळं.
"एकशे अठ्ठ्याऐंशी म्हणजे
कुरडया गच्चीवर टाकू का घरातच?"

मी यंत्राचं झाकण उगाच पुसलं.

मग त्यांनीच एक कुरडई स्टीलच्या ताटलीत
यंत्राशेजारी ठेवली.
"उद्या कागदासंगं हिलेही घेऊन जाजा.
तोलून सांगा."

आता ती प्रयोगशाळेत आहे, काचेच्या भांड्यात,
कागदाच्या शेजारी.
हिच्यासाठी पद्धत लिहिलेली नाही कुठं,
कोरी असतानाचं वजनही मी घेतलं नव्हतं.
खाली सिलिकाचे निळे खडे
एकेक करून गुलाबी होताहेत.
आत ओल आहे अजून.